माझ्या पोटात हळद गेली

माझं डाव्या बाजूचं पुढचं दार लाल आहे आणि बाकी सगळं अंग राखाडी. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या रस्त्याला अशी दुरंगी गाडी तुम्हाला दिसली, तर ती मीच. मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. पेट्रोलवर चालते आणि विजेवरही चालते, म्हणून जाणते लोक मला हायब्रिड म्हणतात.

माझा जन्मच मारातून झाला. लोखंडाच्या सपाट पत्र्यावर असा दाब पडला, की एका ठोक्यात त्याचं दार झालं आणि दुसऱ्या ठोक्यात छप्पर. ठिणग्या उडाल्या, सांधे जाळून जोडले गेले. पण त्या माराचा मला राग नाही. त्याला माप होतं, त्यातून काहीतरी घडणार होतं. पुढे मी जो मार पाहिला आणि सोसला, त्यातून मोडण्याशिवाय काही घडलं नाही. आज तीच हकिगत तुम्हाला सांगायची आहे. बैठक मारून, शांत चित्ताने ऐका.

आधी माझं अंग समजून घ्या. मागच्या सीटच्या पाठीशी माझी मोठी बॅटरी असते. तिला श्वास घ्यायला सीटच्या कडेला एक जाळी आणि जाळीच्या आत एक लहान पंखा. पुढे बॉनेटखाली, इंजिनाच्या शेजारी, इन्व्हर्टर नावाचा एक चंदेरी डबा आहे. बॅटरीतली वीज चाकांपर्यंत पोचवायचं काम त्याचं. काम करून करून तो तापतो. त्याला गार ठेवायला एक वेगळी छोटी टाकी आहे, तिच्यात गुलाबी पाणी, म्हणजे कूलंट, आणि ते खेळवणारा मुठीएवढा पंप. इंजिनाचं पाणी निराळं आणि या डब्याचं निराळं. एवढं ध्यानात असू द्या, कारण पुढे जे रक्त सांडलं ते हा फरक कुणाला ठाऊक नव्हता म्हणून.

मला तोंड नाही. काही दुखलं की मी डॅशबोर्डावर लाल त्रिकोण पेटवते आणि काय दुखतंय त्याचा एक कोड पोटात लिहून ठेवते. तो वाचायला स्कॅनर लागतो, आणि स्कॅनरपेक्षा जास्त लागतो धीर.

माझी पहिली वर्षं शहरात गेली. तिथे एका चौकात सिग्नल तोडून आलेल्या टेम्पोने माझं दार आतल्या माणसासकट चेपलं. माणूस वाचला, पण पुन्हा माझ्यात बसला नाही. मी एका वाड्यात धूळ खात पडले. शेवटी कुणीतरी मेलेल्या गाडीचं लाल दार काढून मला बसवलं आणि मला विकून टाकलं.

मला घेतलं लिंबाजी आबांनी. हिंगोली जिल्ह्यात, गोरेगावपासून आडबाजूला त्यांचं गाव. घरी मेंढरांचं खांड, थोडी विहिरीवरची शेती, आणि अंगभर कीर्तनाचं वेड. कुठे सप्ताह बसला असं कानावर आलं, की आबा मेंढरं पोराच्या हवाली करायचे आणि खांद्यावर घोंगडी टाकून निघायचे. त्यांच्याच गावात रागिणीताई राहायच्या. मोठ्या कीर्तनकार. आवाज असा, की मंडपाच्या शेवटच्या माणसाला भोंग्याची गरज पडू नये. पण त्यांचा ताफा जायचा जीपला लोंबकळत. आबांना ते बघवेना, म्हणून त्यांनी मला आणलं.

मी विजेवर निघते तेव्हा काही आवाज करत नाही. आबांनी पहिल्या दिवशी माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "ही तं मुकी हाय." तेव्हापासून माझं नाव मुकी.

त्या दिवसांची आठवण काढली की अजूनही माझे दिवे उजळतात. डिकीत टाळ, मागच्या सीटवर पखवाज, आणि पखवाजाला ओरखडा जाऊ नये म्हणून त्याच्याखाली आबांची घोंगडी. जाताना चाली बसवायच्या आणि येताना सगळे पेंगायचे. एकदा तर भर कीर्तनात रागिणीताईंनी मलाच दृष्टांतात घेतलं. "आबांची गाडी बघा," त्या म्हणाल्या, "चालते, पन चालते म्हनून सांगत न्हाई. आन् आपन एक माळ जपली, की शेजारणीला उठवून सांगतो." मंडप खदखदून हसला. मंडपाबाहेर अंधारात उभी राहून मी ते ऐकलं. त्यासारखं कौतुक मला पुन्हा मिळालं नाही.

पण माझं मुकेपण एकदा भोवलं. सेनगावच्या रस्त्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी मेंढरांचं खांड ओलांडत होतं. मी विजेवर होते. राखणाऱ्या तरण्या मेंढपाळाला माझी चाहूल लागली नाही, आणि एक दांडगा मेंढा माझ्या चाकाखाली आला. त्याची मान मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्या मेंढपाळाने धोंडा उचलून माझ्या काचेवर घातला. गाडी चालवत होता आबांचा थोरला मुलगा, प्रभू. तो काठी घेऊन उतरला आणि त्याने त्या मेंढपाळाचा जबडा फोडला. दात माझ्या बॉनेटवर पडला, त्यामागून रक्त.

आबांनी पोराच्या हातातली काठी हिसकावली. त्या मेंढपाळाचं तोंड स्वतःच्या फेट्याने पुसलं आणि म्हणाले, "मेंढा आमच्यातला ने बापा. लागंल तो ने." परतीच्या वाटेत एवढंच बोलले, "प्रभू, तुझा हात तुझ्या आधी पोचतो."

प्रभू वाईट नव्हता, मित्रांनो. आजारी मेंढरू उरावर घेऊन रात्र काढणारा माणूस होता तो. पण राग आला की त्याला पुढचं काही दिसत नसे.

आता हळदीची गोष्ट. उन्हाळ्याचे दिवस होते. प्रभू माझ्यात घरची हळद घालून वसमतच्या बाजारात आला होता. तिथे त्या दिवसांत हवासुद्धा पिवळी असते, माणसं शिंकतात तीही हळदीची. पोती उतरवताना त्याला माझ्याखाली गुलाबी पाण्याचे थेंब दिसले. छोट्या टाकीची नळी झिरपत होती. शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर वाकून बघू लागला.

"रेडिएटर गळून राहिला ना भाऊ?"

"दिसून तं तेच राहिलं."

"मग रडतो काहून? हळदीच्या ढिगात उभा हायस. मूठभर टाक आत, भोक बुजून जाईल. आमी समदेच टाकतो."

ट्रकवाला खोटं बोलत नव्हता. ट्रकच्या मोठ्या रेडिएटरात, उकळत्या पाण्यात, हळद फुगून भोक बुजवते. आमच्या भागातले ड्रायव्हर असं करत आलेत आणि घरी पोचत आलेत. पण प्रभूने रेडिएटरचं झाकण उघडलंच नाही. जे झाकण हाताशी आलं ते उघडलं, आणि ते होतं छोट्या टाकीचं. चांगली मूठभर हळद त्याने आत सोडली आणि वरून मडक्यातलं पाणी ओतलं. गळती थांबली. प्रभू खूश झाला. "वसमतची हळद हाय," त्याने माझ्या बॉनेटवर थाप मारली, "मेलेलं बी जोडंल."

त्या दिवसापासून माझा मुठीएवढा पंप चिखल उपसू लागला.

आणि मागे, सीटच्या कडेला, माझी जाळी केव्हाच बुजत चालली होती. आबांची घोंगडी तिच्यावरच पडलेली असे. तिची लोकर आणि कीर्तनातला बुक्का, दोन्ही आत ओढून ओढून पंख्याची पाती जाड झाली होती. कुणी मुद्दाम केलं नाही. प्रेमाची माणसं होती सगळी. पण प्रेमाने अंथरलेली घोंगडीसुद्धा श्वास कोंडू शकते.

पलीकडच्या एका गावात सप्ताह बसला होता आणि काल्याचं कीर्तन रागिणीताईंचं होतं. वाटेत खोळंबा नको म्हणून आबांनी मला आधीच वारंगा फाट्याला भारत मेकॅनिकच्या गॅरेजात दाखवून आणलं. भारतच्या पाटीवर लिहिलं होतं, 'हायब्रिड गाडीचे डॉक्टर'. तो बोलायला मोठा होता. "आबा, तुमच्या मुकीला बोलायला लावतो बघा." त्याने मागची सीट काढली, बॅटरी उघडली, गंजलेली टोकं घासून चकचकीत केली आणि बंद केली. काम स्वच्छ केलं. पण घोंगडी उचलून बाजूला ठेवताना तिच्याखाली जाळी आहे, तिच्यात काय आहे, हे काही त्याने पाहिलं नाही. हळदीचं त्याला कुणी सांगितलं नाही, आणि बॉनेट त्याने उघडलं नाही.

काल्याच्या दिवशी सकाळी निघालो. टाळकरी एका जीपने पुढे गेले होते. माझ्यात तिघंच. प्रभू स्टिअरिंगवर, आबा त्याच्या शेजारी, मागे रागिणीताई मांडीवर वीणा धरून. भावकीतली माणसं दुसऱ्या जीपने मागून येणार होती.

महामार्गाला लागलो आणि माझ्या चंदेरी डब्याची आग होऊ लागली. पंप थांबला होता. मी लाल त्रिकोण पेटवला.

"दिवा लागला जनू," आबा म्हणाले.

"लागू द्या. भारत्यानं आताच तं बघितली. काला झाला की बघू."

ऊन चढलं. मागे बॅटरी भाजत होती, पुढे डबा. वारंगा फाट्याच्या अलीकडे, भर रस्त्यात, डब्याने वीज तोडली. मित्रांनो, माझं इंजिन सुरू व्हायलासुद्धा त्या डब्याची परवानगी लागते. मी होते तिथे थांबले. मागून ट्रकांची रांग, भोंग्यांचा कल्लोळ.

"ढकला तिला कडंला," आबा म्हणाले, आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत लाल दार उघडून मागे गेले. माझ्या पाठीला त्यांनी खांदा लावला. त्यांचे तळहात मला कळले. आणि मग एका ट्रकचा कोपरा आला. त्याने माझा मागचा दिवा चिरडला आणि आबांना उचलून डांबरावर फेकलं.

त्यांची मांडी मधोमध वाकली होती. धोतर लाल होत गेलं. रागिणीताईंनी आपल्या पदराची पट्टी फाडून वर आवळली, त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भरले. आबा एकदाच कण्हले आणि निपचित पडले. पुढे गेलेली टाळकऱ्यांची जीप माघारी आली. रुग्णवाहिका आली. आबांना नांदेडला न्यायचं ठरलं.

"बस आत, बापासंग जा," रागिणीताई प्रभूला म्हणाल्या.

"टाळकरी जातील. मला भारत्याला भेटायचंय."

"काहून?"

प्रभूने सीटखालची काठी उपसली. दोघं टाळकरी आबांसोबत गेले. बाकीच्यांनी मला ढकलत फाट्यावर नेलं आणि तेही आपल्या जीपने नांदेडच्या वाटेला लागले. रागिणीताई मात्र प्रभूला सोडून हलल्या नाहीत.

भारतने माझी दशा आणि प्रभूच्या कपड्यांवरचं रक्त पाहिलं. घाईघाईने त्याने स्कॅनर लावला. पहिला कोड आला. पी, शून्य, ए, ऐंशी. तो वाचून भारतच्या तोंडून जे निघालं, ते त्याने गिळलं असतं तर बरं झालं असतं.

"बॅटरी गेली," तो म्हणाला.

"परवा तूच खोलली होती ना?" प्रभू म्हणाला. आवाज एकदम खाली आलेला. "चांगली काढली आन् सडकी बसवली. व्हय का न्हाई?"

"अरे भाऊ, म्या निस्ती टोकं घासली—"

काठी पडली. भारतने डोक्यावर घेतलेल्या उजव्या हातावर ती आली आणि बोटं मोडल्याचा आवाज झाला, तुरीच्या वाळल्या तुराटीसारखा. स्कॅनर खाली पडला. दुसरा वार खांद्यावर, तिसरा कानशिलावर. भारत माझ्या चाकाला टेकून घसरला आणि त्याचं रक्त माझ्या लाल दारावर आलं. ते तिथे दिसेना म्हणून प्रभूला थांबावंसं वाटलं नसेल. श्वास घ्यायला तो थांबला तेव्हा त्याने खिशातून फोन काढला आणि मागून येणाऱ्या चुलतभावाला, ओमप्रकाशला, लावला.

"ओम्या, गाडी बंद पडली, ट्रकनं उडवलं. भारत्यानं बॅटरीत घोळ केला. आबा गेले—"

एक कंटेनर भोंगा वाजवत गेला. "नांदेडला" हा शब्द त्या भोंग्यात बुडाला आणि फोन तुटला.

बॅटरी गेली. आबा गेले. एकच शब्द, मित्रांनो. मी ऐकत होते आणि मला तोंड नव्हतं.

प्रभूने पुन्हा काठी उचलली, तेव्हा रागिणीताई मध्ये आल्या. त्यांनी काठी धरली नाही. जमिनीवरचा स्कॅनर उचलला.

"प्रभू, माझ्या कीर्तनात पहिलं चरण झालं की कोणी उठून गेलं, तं म्या काय म्हनते?"

"ताई, बाजूला व्हा."

"म्या म्हनते, ह्याचं पोट दुखून राहिलं, जाऊ द्या त्याला. तुझं पोट दुखून राहिलं का? पुढचं न ऐकता निघालास तो." त्या खाली बसल्या. "भारत, ह्याच्यात अजून काही लिहिलंय का?"

भारत दातांवर दात धरून बोलला, "खालचं बटन दाबा. म्या... म्या पुढं बघितलंच न्हाई."

त्यांनी बटण दाबलं आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. पी, शून्य, ए, त्र्याण्णव.

भारतने डोळे उघडले. "ते बॅटरीचं न्हाई. इन्व्हर्टरचं थंड पानी. पुढची छोटी टाकी बघा. झाकन सावकाश, वाफ असंल."

रागिणीताईंनी बॉनेट उघडून फाटक्या पदराने झाकण फिरवलं. आत गुलाबी काही नव्हतं. पिवळा, घट्ट, शिजलेला गाळ होता. त्याचा वास हिंगोली जिल्ह्यात कुणाला सांगावा लागत नाही.

"हळद," त्या म्हणाल्या. "हळद कोनी टाकली हिच्यात?"

प्रभू टाकीकडे बघत राहिला. त्याच्या तोंडाचा रंग टाकीतल्यासारखा झाला. आणि तेवढ्यात भावकीची जीप येऊन थडकली.

आत आणि टपावर मिळून पंधरा-वीस माणसं असतील. मेंढपाळाच्या घरची माणसं. काठ्या हातातच असतात, आणि झाडाचा पाला तोडायची कुऱ्हाड ओमप्रकाशच्या खांद्यावर. ते रडत उतरले. "आबा... माझा आबा खाल्ला रे ह्यानं," असं म्हणत ओमप्रकाशने पहिल्या घावात माझी पुढची काच फोडली. मग सगळेच. माझे दिवे फुटले, आरसे तुटले, बॉनेटवर धोंडे पडले. आणि अर्धे भारतवर गेले. लाथा, काठ्या, चपला. भारत आधी ओरडला, मग ओरडायचाही थांबला.

प्रभू भानावर आला. "थांबा. आबा जिते हायत. ह्याचं काही न्हाई," तो म्हणत होता. कोण ऐकतं? ही आग त्यानेच पेटवली होती, आणि आता ती त्याला विचारत नव्हती. त्याने एकाला ओढलं, दुसऱ्याला ढकललं. मग तो सरळ भारतवर पालथा पडला. मेंढरावर लांडगा आला की मेंढपाळ पडतो तसा, हातपाय पसरून. वर पडणाऱ्या काठ्या आता त्याच्या पाठीवर पडू लागल्या. मारणाऱ्यांना खाली कोण आहे हेही उमगेना. एक काठी त्याच्या डाव्या कानावर बसली आणि कानातून रक्ताची धार लागली. तो उठला नाही.

ओमप्रकाश माझ्याकडे वळला. त्याने मागचं दार उचकटलं, सीट उपटली. "बगू काय काय काढलं ह्यानं आतून," म्हणत त्याने बॅटरीच्या पेटीवर कुऱ्हाड घातली. झाकण फाटलं. आतून माझी जाड नारंगी वायर दिसू लागली. तिच्यात किती वीज असते हे त्याला ठाऊक नव्हतं. ओल्या हाताने त्याने कुऱ्हाड पुन्हा उचलली. मी त्याला मारणार होते, मित्रांनो. माझी इच्छा नव्हती, पण तो घाव पडला असता तर मीच त्याला मारलं असतं.

तेव्हा प्रभूच्या अंगाखालून भारतचा आवाज आला. रक्त थुंकत तो ओरडला, "नारंगी वायरला हात लावू नको रे. जागीच जाशील. आन् मग त्याचं बी नाव माझ्यावरच घालताल."

कुऱ्हाड हवेत थांबली. आणि त्याच वेळी मी बोलले. म्हणजे रागिणीताईंनी काचांच्या तुकड्यांत हात घालून माझ्या भोंग्यावर दोन्ही तळहात दाबले आणि सोडलेच नाहीत. ज्या गाडीला सारा मुलूख मुकी म्हणायचा, ती अख्ख्या फाट्याला ऐकू जाईल अशी ओरडली. हॉटेलातली माणसं बाहेर आली, ट्रक थांबले. काठ्या एकेक करून खाली आल्या.

त्यांनी हात उचलला. तळहातात काचा रुतल्या होत्या.

"आबा नांदेडला गेलेत," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात. मांडी मोडली, जीव शाबूत हाय. आता ज्याला मारून राहिलात, त्यानंच तुमच्यातल्या एकाला वाचवलं. आन् त्याच्यावर कोन निजलाय, ते वाकून बघा जरा."

त्यांनी बघितलं. ओमप्रकाशच्या हातातून कुऱ्हाड गळाली.

प्रभू गुडघ्यावर उठला. डावीकडे मान कलती. "हळद म्या टाकली," तो म्हणाला. एवढंच. मग भारतला उचलून त्याने जीपमध्ये घातलं.

आबा जगले. कुबडी घेऊन फिरतात, मंडपात आता सगळ्यात पुढे, खुर्चीत बसतात. प्रभूचा डावा कान गेला तो गेलाच. भारतच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. त्याने पोलिसात तक्रार दिली, आणि ती द्यायलाच हवी होती. भावकीतल्या काहींनी तडजोडीचं काढलं, तेव्हा आबा म्हणाले, "तक्रार मागं घे म्हनून जो कोनी त्या मानसाच्या दारात जाईल, त्यानं माझ्या दारात येऊ नये."

मला भंगारात काढायचं चाललं होतं. भारतने निरोप धाडला, "बॅटरी चांगली हाय. घेऊन या." त्याचा हात प्लास्टरात. तो खाटेवर बसून सांगायचा आणि प्रभू करायचा. भारतने आधी बॅटरीची जोडणी तोडायला लावली आणि डब्यातली उरलीसुरली वीज उतरेपर्यंत नुसतं बसवून ठेवलं. मग प्रभूने टाकी धुतली, पंप उघडून हळदीचा लगदा नखाने काढला, नळ्या बदलल्या, नवं गुलाबी पाणी भरलं. मग मागचा पंखा. त्याच्यातून लोकरीचा एवढा गोळा निघाला, की रागिणीताई म्हणाल्या, ह्याचं लेकराला टोपडं होईल. कोड पुसले. स्कॅनर पुन्हा लावला. भारतने शेवटपर्यंत बटण दाबून घेतलं. काही उरलं नव्हतं.

दोघांत दोस्ती झाली असं मी सांगणार नाही. ते खोटं होईल. कधीकधी प्रभूने पाना पुढे केला की भारत अजूनही एक क्षण दचकतो. ते मला दिसतं, आणि प्रभूलाही दिसतं.

पण कोर्टाच्या तारखेला एकदा भारतची बस चुकली. प्रभू फाट्यावरून मला घेऊन चालला होता. त्याने थांबवली. भारत जरा वेळ उभा राहिला आणि मग पुढच्या सीटवर बसला. त्यानंतर तारखेला ते असेच जातात. आज कळमनुरीच्या कोर्टात पोचलो, तेव्हा दारातल्या शिपायाने विचारलं, "फिर्यादी आन् आरोपी एकाच गाडीत? मग भांडता कशाला?"

"गाडी दुरुस्त हाय," भारत म्हणाला. "मानसं अजून व्हायची हायत."

मी आता आवारात लिंबाखाली उभी आहे. मित्रांनो, एका जुन्या गाडीचं एवढं मागणं ऐका. तुमच्याजवळ जे काही आहे, यंत्र असो, जनावर असो की घरातलं माणूस, त्याचा श्वास कशाने कोंडला जातोय ते अधूनमधून उचलून बघत जा. त्याने लाल दिवा दाखवला तर त्याच्यावर डाफरू नका. आणि पहिला कोड वाचून हात उचलू नका. खाली अजून काहीतरी लिहिलेलं असतं. कदाचित तिथे तुमचंच नाव असेल.

आतून पुकारा झाला. प्रभूला तो ऐकू गेला नाही. भारतने त्याच्या कोपराला हात लावला, आणि मग वळसा घालून त्याच्या उजव्या अंगाला आला, म्हणजे बोललेलं त्याला ऐकू येईल.